जुनं रिंगर वॉशिंग मशीन कसं दुरुस्त करावं

अमेरिकेत राहून जुनं रिंगर मशीन (दोन रोलरमधून कपडे पिळून काढणारं) घ्यायचं असेल, तर सुरुवात मेटॅग कंपनीपासून करा. आयोवातल्या न्यूटन गावी या कंपनीनं १९०७ मध्ये पहिलं वॉशिंग मशीन काढलं आणि रिंगरची मशीनं १९८३ पर्यंत बनवली. आधुनिक यंत्रं टाळणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या वस्त्यांमध्ये ती अजूनही वापरात आहेत, म्हणून बेल्ट, रोलर, सील हे भाग आजही मिळतात. चौकोनी ॲल्युमिनियम टबचं ‘ई’ मॉडेल सर्वांत टिकाऊ. गोल इनॅमलच्या टबला आतून टवका उडालेला असेल तर सोडून द्या, तिथला गंज थांबत नाही. गिअरबॉक्सखाली तेल साचलेलं दिसलं की सील गेलं समजा आणि भाव पाडून मागा.

घरी आणल्यावर आधी जुनी वायर काढून टाका. रबराचं आवरण बोटानं चुरगळलं की भुगा होतं. तीन पिनांची, अर्थिंगची नवी वायर घाला आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) मशीन लावू नका. लोखंडी सांगाडा आणि ओली फरशी, इथे तडजोड नाही.

आता खरं काम: अडकलेला ॲजिटेटर, म्हणजे टबच्या मधोमध कपडे घुसळणारा पंखांचा खांब. ॲल्युमिनियमचा ॲजिटेटर पोलादी शाफ्टवर बसतो. साबणाचं पाणी मध्ये मुरतं, ॲल्युमिनियमवर पांढरा क्षार चढतो आणि तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो. वीस-तीस वर्षं मशीन कोपऱ्यात पडून राहिलं की जोड गच्च होतो.

बहुतेक मशीनं याच पायरीला कायमची बिघडतात, आणि तीही वाईट सल्ल्यामुळे. टबच्या तळावर पहार टेकवून ॲजिटेटर उचकटू नका; ओतीव टबला चीर गेली तर ती भरून येत नाही. पाइप पान्ह्यानं पिळू नका, कारण सगळा जोर गिअरच्या दातांवर जातो. गॅसची ज्योत तर अजिबात नको: खालचं सील जळतं, आणि बेकेलाइटचा (जुन्या कडक प्लास्टिकचा) ॲजिटेटर असेल तर तो तडकतो.

रीत अशी. वरचं टोपण निघत असेल तर काढा. शाफ्टचं टोक दिसलं तर गंज सोडवणारं तेल तिथूनच सोडा. वरून बंद असेल तर माथ्याच्या बरोबर मध्यात ३ मिमीचं भोक पाडा, ड्रिल शाफ्टला टेकताच थांबा, आणि त्यातून तेल सोडा. रोज थोडं, असं चार-पाच दिवस. घाई करणारा इथेच हरतो.

मग टबमध्ये उकळीला आलेलं पाणी ॲजिटेटरच्या खांद्यापर्यंत भरा आणि पंधरा मिनिटं थांबा. तेवढ्याच उष्णतेनं ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून पकड सैल होते. पाणी सोडून द्या. धातू गरम असतानाच खालच्या पंखांत समोरासमोर दोन नायलॉनचे पट्टे अडकवा आणि दोघांनी सारख्या जोरानं सरळ वर ओढा. एका बाजूनं ओढलं तर तो तिरका होऊन आणखी घट्ट बसतो. मधूनमधून बुंध्यावर चहूबाजूंनी रबरी हातोडीचे हलके ठोके द्या. पहिल्या खेपेला न निघाल्यास पुन्हा तेल, पुन्हा गरम पाणी.

तरीही हलला नाही, तर शेवटचा उपाय. ॲल्युमिनियमचा माथा जाड असेल तरच मधलं भोक ८.५ मिमीचं करा, त्यात १० मिमीचे आटे पाडा आणि बोल्ट आत फिरवा. बोल्ट शाफ्टवर टेकतो आणि ॲजिटेटर वर उचलला जातो. एका वेळी पाव फेरा, मग गरम पाणी, मग पुन्हा पाव फेरा. काम झालं की भोक आखूड बोल्ट आणि रबरी वॉशरनं बंद करा. बेकेलाइटवर हा प्रयोग करूच नये.

शाफ्ट पितळी ब्रशनं घासून पाण्यात न धुपणारं ग्रीस लावा. पुढे प्रत्येक धुण्यानंतर ॲजिटेटर उचलून बाजूला ठेवा.

गिअरबॉक्स गळत नसेल आणि खडखडाट नसेल तर उघडू नका.

रोलर साबण-पाण्यानं पुसा, रॉकेल-पेट्रोल लावू नका, रबर फुगतं. काम नसताना दाब सोडूनच ठेवा, नाहीतर रोलरला सपाट खाचा पडतात. दोन्ही रोलरचा कडकपणा सारखा नसतो, एक मऊ तर एक कडक. नवं रबर चढवायला देताना तो फरक सांगा, आणि व्यास टोकाजवळ मोजा, मध्यभाग झिजलेला असतो. छपाई मशीनच्या रोलरना रबर चढवणारे हे काम करू शकतात.

सुटका-दांडा (रोलर झटक्यात सुटे करणारा) तपासल्याशिवाय रिंगरमध्ये कपडा घालू नका. जाड टॉवेलची घडी आत सोडा आणि चालू असताना दांड्यावर हात मारा. रोलर तत्क्षणी सुटे झाले पाहिजेत. लहान मुलांचे हात कोपरापर्यंत आत गेल्याच्या दुखापती पूर्वी सर्रास होत. पदर, ओढणी, मोकळे केस दूर ठेवा.

मशीन भारतात आणणार असाल तर नुसता ट्रान्सफॉर्मर पुरत नाही. तो व्होल्टेज उतरवतो, पण ६० हर्ट्झची मोटर ५० हर्ट्झवर तापते. तेवढ्याच ताकदीची २३० व्होल्टची, मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर बसवा. जुनी १७२५ फेऱ्यांची होती, म्हणून मोटरची पुली सुमारे २० टक्के मोठी घ्या. जुनी मोटर काढण्यापूर्वी ती कोणत्या दिशेनं फिरते ते सांगाड्यावर खडूनं लिहून ठेवा.