डुकराच्या मानेतला तो दाणा

ओठाच्या आतून दुर्बीण घालून थायरॉइड काढायची पद्धत आधी डुकरावर करून बघायची, असा माझा प्रोजेक्ट होता. तुम्ही असलं काही हातात घेणार असाल तर माझी फसगत आधी ऐका.

माणसात पॅराथायरॉइड, म्हणजे कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारीक ग्रंथी, दुखावल्या की रक्तातलं कॅल्शियम उतरतं. म्हणून मी प्रोटोकॉलमध्ये लिहिलं: कॅल्शियम टिकलं, म्हणजे पॅराथायरॉइड वाचल्या. पहिल्या चारही डुकरांचं कॅल्शियम नॉर्मल. मी खुशीत आलेख काढले. शवविच्छेदनाला व्हेटर्नरी पॅथॉलॉजीच्या मॅडम म्हणाल्या, "पॅराथायरॉइड दाखव बरं." थायरॉइडच्या मागे चिमटा फिरवत राहिलो, काही सापडेना. मॅडमनी मानेतली कॅरॉटिड धमनी सोडवत वर नेली, आणि ती दुभागते त्याच्या आसपास, थायमस या दुसऱ्या ग्रंथीत रुतलेला एक बारीक दाणा दाखवला. माणसात बहुधा चार ग्रंथी, थायरॉइडच्या पाठीला चिकटलेल्या. डुकरात एकच जोडी, तीही इतकी वर. थायरॉइडचा एकसंध गोळा मात्र खाली, छातीच्या तोंडाशी. मी कितीही धसमुसळेपणा केला असता तरी कॅल्शियम हललं नसतं. चार जीव गेले आणि त्या प्रश्नाचं उत्तर मिळालंच नाही. हे मला अजून बोचतं.

म्हणून डुकराला तेच विचारा जे ते सांगू शकतं. स्वरयंत्राच्या नसेचा सिग्नल, तापलेल्या उपकरणाचं टोक नसेपासून किती लांब हवं, जागा करायला मानेत भरलेल्या कार्बन डायऑक्साइड गॅसचा दाब. माणसात हा दाब साधारण 6 मिमी पाऱ्यावर ठेवतात. फार वाढवला तर तो गॅस रक्तात चढतो. भूल देणाऱ्यांशी आदल्या दिवशीच बोला, कारण स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल असेल तर नस शाबूत असूनही सिग्नल येत नाही.

छापील पेपरमधला प्रोटोकॉल उचलून फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरू नका. माझं स्पष्ट मत आहे, नावाजलेल्या सर्जन गाइडपेक्षा रोज जनावरं हाताळणारा व्हेटर्नरी डॉक्टर इथे जास्त शिकवतो. पहिल्या इंट्युबेशनला, म्हणजे श्वासनळीत नळी घालताना, डुकराचं स्वरयंत्र आवळेल, तुमचे हात थरथरतील. घाबरू नका, डुकराला नळी घालणं खरोखरच अवघड असतं, चार-सहा वेळा केल्यावर जमतं.

आणि एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी कत्तलखान्यातून एक मान आणा. थायरॉइडपासून वर सोडवत जा. तो दाणा स्वतःच्या चिमट्यात आला की मगच फॉर्म उघडा.