टायरच्या गणितात गेलेले मार्क

बारावीला असताना सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मी रात्री दहापर्यंत बसायचो. वायूचा दाब, आकारमान आणि तापमान जोडणारं ‘पीव्ही बरोबर एनआरटी’ हे सूत्र झोपेत विचारलं तरी यायचं. २७३ मिळवून सेल्सिअसचं केल्विन करायलाही चुकत नव्हतो, त्याबद्दल सगळेच बजावतात. मला आडवं आलं ते गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र.

गणित साधं होतं. सकाळी २७ अंशांना टायरचं गेज ३२ पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतंय. एक्स्प्रेसवेवरून आल्यावर आतली हवा ५७ अंश. आकारमान तेच धरलं, तर गेज किती दाखवेल? ३०० चे ३३० केल्विन म्हणजे १.१ पट, दाबही तेवढ्याच पटीनं वाढणार. मी ३५.२ लिहिलं आणि पुढे गेलो. साफ चूक.

का, ते सायकलची हवा सोडल्यावर कळलं. व्हॉल्व्ह दाबून धरला, फुस्स आवाज थांबला, गेजचा काटा शून्यावर आला. पण आत हवा होतीच की! बाहेर जेवढा दाब, तेवढाच आत. गेज फक्त वरचा, जास्तीचा दाब मोजतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो. पुणे साधारण ५६० मीटर उंच, म्हणून इथे १४ च्या आसपास. आता करा: ३२ अधिक १४ म्हणजे ४६. त्याच्या १.१ पट ५०.६. त्यातून १४ वजा, उत्तर ३६.६.

वायूचा दाब आणि आकारमान यांचा नियम मांडणाऱ्या रॉबर्ट बॉइलनेही हेच केलं होतं. १६६२ साली छापलेल्या त्याच्या तक्त्यात नळीतल्या पाऱ्याच्या उंचीत वातावरणाचे सुमारे २९ इंच मिळवलेले आहेत. ते मिळवले तेव्हाच दाब आणि आकारमान यांचा गुणाकार जवळजवळ स्थिर आला.

क्लासमध्ये मिळालेल्या शॉर्टकटच्या कागदावर यातलं अक्षरही नव्हतं. असे कागद परीक्षेच्या आदल्या आठवड्याआधी हातात घेऊच नका, असं माझं ठाम मत आहे. ‘हे विचारत नाहीत’ म्हणणाऱ्या सिनिअरपेक्षा आप्पा बळवंत चौकातून घेतलेलं जुनं, कोपरे दुमडलेलं पुस्तक मला जास्त उपयोगी पडलं.

घाबरू नका, ही चूक एकदा नीट समजली की परत होत नाही. प्रश्नात ‘गेज’ शब्द दिसला की त्याखाली रेघ मारा आणि वातावरणाचा दाब मिळवा. नुसता ‘वायूचा दाब’ दिला असेल तर काही मिळवायचं नाही. आणि उत्तर गेजमध्ये मागितलं असेल, तर शेवटी तो वजा करायला विसरू नका. दुसऱ्या चाचणीत माझे दोन मार्क तिथेच गेले.