नेत्रशल्यचिकित्सकाची कारकीर्द कशी वाचावी

डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली की बहुतेक जण डॉक्टरांच्या नावापुढच्या पदव्या पाहतात आणि ओळखीच्या कोणाचा तरी अनुभव विचारतात. दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत, पण मुख्य प्रश्न त्यांतून सुटत नाही. आपल्या डोळ्याला जे झाले आहे, नेमके तेच काम हे डॉक्टर आठवड्यामागून आठवडे करत असतात का, हे आधी कळायला हवे.

पदव्यांवर फार वेळ घालवू नये. वैद्यकीय पदवीला पाच-सहा वर्षे लागतात आणि त्यानंतर नेत्रचिकित्सेचे प्रशिक्षण देशागणिक साधारण तीन ते सात वर्षांचे असते. ब्रिटनमध्ये ‘कन्सल्टंट’ हे स्वतंत्र जबाबदारीचे वरिष्ठ पद आहे. इतर काही ठिकाणी कोणत्याही तज्ज्ञाला सर्रास कन्सल्टंट म्हणतात, त्यामुळे नुसत्या त्या शब्दावर जाऊ नये. वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत डॉक्टरांची नोंदणी चालू आहे का, हे मात्र अवश्य तपासावे. ते काही मिनिटांचे काम आहे.

खरी माहिती परिचयपत्रात पदव्यांच्या पुढच्या ओळीत असते. विशेष प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर अनेक शल्यचिकित्सक एक-दोन वर्षे एकाच उपशाखेत फेलोशिप करतात. कोणी कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, निवडतो, कोणी काचबिंदू, कोणी डोळ्याचा मागचा पडदा आणि विट्रियस, म्हणजे डोळ्याच्या आत भरलेला जेलीसारखा पदार्थ, तर कोणी लहान मुलांचे डोळे व तिरळेपणा किंवा पापण्या व अश्रुमार्ग. डोळा एवढासा, सरासरी २४ मिलिमीटर लांबीचा, तरी पुढच्या भागात काम करणारा हात आणि मागच्या पडद्यावर काम करणारा हात सहसा वेगवेगळ्या माणसांचे असतात. म्हणून परिचयपत्रात सगळ्याच उपशाखांची नावे दिसली, तर त्यांतले गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष काय केले, हे विचारायला संकोच करू नये. साध्या मोतीबिंदूसाठी सर्वसाधारण नेत्रशल्यचिकित्सकही उत्तम असतो. पण त्याच डोळ्यात काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असेल, तर त्या उपशाखेचा माणूस पाहावा.

मोतीबिंदूचे उदाहरण जवळून पाहिले, तर अनुभव म्हणजे काय ते नीट कळते. हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग डोळ्यात बसवले आणि १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची पद्धत आणली. तीच आजची फेको. यात छेद दोन-अडीच मिलिमीटरचा असतो. शल्यचिकित्सकाचे दोन्ही हात मायक्रोस्कोपखाली असतात, एक पाय मायक्रोस्कोपच्या पेडलवर आणि दुसरा फेको यंत्राच्या पेडलवर. हे दुसरे पेडल थोडे दाबले की पाणी सुरू होते, आणखी दाबले की शोषण आणि त्याहून खाली गेले की अल्ट्रासाउंड. डोळ्याचे नैसर्गिक भिंग ज्या पिशवीत असते, तिचा मागचा पडदा मध्यभागी सुमारे चार मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा हिस्सासुद्धा नाही. शेवटचा तुकडा निघताच पाय किती लवकर वर येतो, यावर त्या पडद्याचे भवितव्य अवलंबून असते, आणि ही सवय पुस्तकातून येत नाही.

म्हणून भेटीत एक प्रश्न सरळ विचारावा: “भिंगाची पिशवी मागून फाटण्याचे तुमचे प्रमाण किती, आणि फाटली तर तुम्ही काय करता?” अनेक शस्त्रक्रियांच्या मोठ्या नोंदींमध्ये हे प्रमाण साधारण शंभरात एक ते दोन असते. स्वतःचा आकडा सांगणारा आणि पुढचे टप्पे समजावणारा शल्यचिकित्सक माझ्या मते विश्वासार्ह ठरतो. “माझ्याकडे कधी असे झालेच नाही” या उत्तराने मात्र सावध व्हावे, कारण एक तर शस्त्रक्रिया फार थोड्या झालेल्या असतात किंवा मोजणीच होत नसते. मात्र अवघड डोळे ज्याच्याकडे पाठवले जातात, त्याचा आकडा थोडा जास्त असणे स्वाभाविक आहे. त्यामुळे आकडा कोणत्या रुग्णांचा, हेही विचारावे.

दुसरा प्रश्न बसवायच्या कृत्रिम भिंगाच्या नंबराचा. डोळ्याची लांबी मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर साधारण अडीच डायॉप्टरने चुकू शकतो. मोजमाप कोणत्या यंत्राने आणि कोण करते, हे म्हणूनच महत्त्वाचे. आपल्याकडूनही माहिती पुरी जायला हवी. पूर्वी चष्मा घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया झाली असेल, तर नेहमीची सूत्रे चुकतात. मोजमापाआधी कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस बंद ठेवावी लागते. आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेत असाल किंवा पूर्वी घेतले असेल, तरी ते सांगावे, कारण त्याने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा शस्त्रक्रियेत लुळा पडतो. हे आपणहून विचारणारा डॉक्टर अनुभवी आहे, असे समजायला हरकत नाही.

शिकवणाऱ्या रुग्णालयात प्रत्यक्ष शस्त्रक्रिया कोण करणार, हेही स्पष्ट करून घ्यावे. प्रशिक्षणार्थीने देखरेखीखाली केली तर त्यात गैर काही नाही, पण ते आधी माहीत असावे.

ही सगळी चौकशी ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी आहे. डोळ्यासमोर अचानक विजेसारखे चमकू लागले, काळे ठिपके एकदम वाढले किंवा नजरेच्या कडेने सावली सरकू लागली, तर डोळ्याचा मागचा पडदा सुटत असण्याची शक्यता असते. तेव्हा कारकीर्द वाचत बसू नये. पडदा मध्यभागी सुटण्याआधी उपचार झाल्यास नजर वाचण्याची शक्यता बरीच अधिक असते. त्याच दिवशी उपलब्ध असेल त्या नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर भिंगाची शक्ती आणि क्रमांक असलेले कार्ड मागून घ्यावे आणि मोजमापाच्या कागदासोबत जपून ठेवावे. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी शल्यचिकित्सक बदलला, तरी पहिल्या डोळ्याचा अंदाज किती चुकला हे त्यावरून पाहून तो दुसऱ्याचा नंबर सुधारू शकतो.