गंजलेला टायरॉड आणि खडूची रेघ

आमची मारुती ८०० डावीकडे ओढत होती. चाकं सरळ करून देणारा अलाइनमेंटवाला म्हणे, टायरॉडचा (स्टेअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याचा) नट जाम आहे, जमत नाही. मग घरीच करायला बसलो.

आधी हवा सारखी करा. चाक उचलून डावी-उजवीकडे हलवा. खटखट वाजलं तर एंडच (टायरॉडचं चाकाकडचं टोक) बदला, नाहीतर अलाइनमेंट करून काय कामाचं, भाऊ?

नट तारेच्या ब्रशनं घासा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर राहू द्या. किती आटे दिसतात, ते मोजून ठेवा. सकाळी एका पान्यानं एंड धरा, दुसऱ्यानं नट. माझा कर्रर्र करून सुटला, तांबडा भुगा डोळ्यात!

पुढच्या दोन्ही टायरांवर पुढून खडूची रेघ मारा, अंतर मोजा. गाडी ढकलून त्याच रेघा मागे, तेवढ्याच उंचीवर आणा, पुन्हा मोजा. फरक गाडीच्या मॅन्युअलात दिलाय तेवढा नसेल तर दोन्हीकडचे रॉड सारखेच फिरवा, नाहीतर स्टेअरिंग वाकडं बसते.