लय धावते? आधी कुठे धावते ते शोधा

‘लय कच्ची आहे’ एवढं म्हणून काहीच दुरुस्त होत नाही. लय बहुधा ठरावीक जागी सुटते: फिल (ठेक्यामधला भरणीचा छोटा तुकडा) वाजवून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येताना, आवाज चढवताना आणि सगळ्यात जास्त विश्रांतीच्या मात्रेत. हात रिकामा असला की ती मात्रा पूर्ण न मोजता पुढचा सूर घेतला जातो. अवघड तुकड्यात उलट होतं, लय ओढली जाते. म्हणून दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि या जागा तपासा.

मेट्रोनोम (ठरावीक अंतराने क्लिक देणारं यंत्र) प्रत्येक मात्रेवर लावून तासन्‌तास वाजवणं ही नेहमीची चूक. लय क्लिक सांभाळतो, आपण त्याच्या मागे चालतो. 80 बीपीएमला (मिनिटाला 80 मात्रा) चार मात्रांचे चार बार, म्हणजे चार आवर्तनं, क्लिकसह वाजवा, पुढचे चार बार क्लिक बंद. क्लिक परत येईल तेव्हा तुम्ही अर्धी मात्रा, म्हणजे 375 मिलिसेकंद, पुढे असाल तर 16 मात्रांत प्रत्येक मात्रा सुमारे 23 मिलिसेकंदांनी आखूड पडली. लय साधारण 82.5 झाली. एकेका मात्रेत ही चूक कानाला जेमतेम कळते, साठली की उघडी पडते. हे जमलं की लय 80 चीच ठेवून मेट्रोनोम 40 वर लावा आणि क्लिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा.

संथ लयीत क्लिकची वाट पाहू नका. 40 बीपीएमला दोन मात्रांत दीड सेकंदाचं अंतर असतं. ते मनात तीन-चार भागांत तोडलं नाही तर अंदाज चुकतोच, आणि क्लिक ऐकून मग वाजवलं तर उशीर ठरलेला.

कधी दोष हाताचा नसतोच. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज अनेकदा 100 ते 200 मिलिसेकंद उशिरा येतो. 120 बीपीएमला मात्रेचा चौथा भाग 125 मिलिसेकंदांचा असतो! वायरचा हेडफोन लावा. रेकॉर्डिंग करताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा; मोठा असला की उशीर वाढतो) 1024 ऐवजी 128 किंवा 256 सॅम्पल ठेवा. मोठ्या मंचावर दहा मीटरवरचा ड्रम सुमारे 29 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, तेव्हा मॉनिटरवर, म्हणजे तुमच्या जवळ ठेवलेल्या स्पीकरवर, विसंबा.

आता ग्रूव्ह, म्हणजे अंग हलवायला लावणारी ठेक्याची चाल. सगळं 100 टक्के क्वांटाइझ केल्यामुळे (सॉफ्टवेअरने प्रत्येक सूर नेमक्या जागी सरकवल्यामुळे) ग्रूव्ह मरतो, हे सरसकट खरं नाही. काटेकोर ठेक्यावरही लोक नाचतात. खरी फसगत सॉफ्टवेअरमधल्या ‘ह्युमनाइझ’ बटणात आहे. ते सूर वाटेल तसे विस्कटतं, तर चांगल्या वादकाचा मागेपणा दर आवर्तनात त्याच जागी, जवळपास तेवढाच असतो. त्यापेक्षा क्वांटाइझचा जोर 60-70 टक्क्यांवर आणून ऐका. स्विंगचं 2:1 प्रमाणही (मात्रेचा पहिला भाग दुसऱ्याच्या दुप्पट) मध्यम लयीचं. जलद लयीत ते समान विभागणीकडे सरकतं, तिथे 2:1 हट्टाने धरलं की झटके बसतात.

एवढं करूनही ठेका जड वाटत असेल तर बेसचे सूर कुठे संपतात ते पाहा. स्नेअरच्या (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमच्या) ठोक्यावर लोंबकळणारा सूर ठोक्याआधी तोडला की ठेका मोकळा होतो.