वुदरिंग हाइट्सची पहिली तीन प्रकरणं वाचताना 'दिसलं' आणि 'वाटलं' वेगळं कसं लिहायचं

हे पुस्तक मी दोनदा अर्धवट सोडलंय. दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात गळाले, कारण कोण कुणाची सून, कोण कुणाचा नवरा, तो म्हातारा सारखा काय पुटपुटतोय, कशाचीच टोटल लागेना. तिसऱ्यांदा वही घेऊन बसले आणि मग लक्षात आलं की गोंधळ माझा नव्हताच, जो माणूस गोष्ट सांगतोय तोच गोंधळलेला आहे आणि एमिली ब्रॉन्टेने ते मुद्दाम केलंय. म्हणून ज्यांना ही कादंबरी पहिल्यांदाच वाचायचीय, किंवा क्लाससाठी पात्रं आणि परिसर यांचं फर्स्ट इम्प्रेशन लिहून द्यायचंय, त्यांच्यासाठी माझी पद्धत सांगते. पुढचं कथानक फोडत नाहीये, काळजी नको.

सुरुवात करण्याआधी एक करा, प्रस्तावना वाचू नका. बऱ्याच आवृत्त्यांना पुढे लांबलचक प्रस्तावना असते आणि ती लिहिणाऱ्याला वाटतं की तुम्ही पुस्तक आधीच वाचलंय, त्यामुळे कोण मरतं, कोण कुणाशी लग्न करतं सगळं तिथेच कळतं. काही आवृत्त्यांत वंशावळ छापलेली असते, ते पानही तूर्तास स्टेपल करा किंवा काहीतरी चिकटवून टाका. मी पहिल्या वेळी तीच आधी पाहिली आणि वाट लावून घेतली. एवढी माहिती मात्र असू द्या, कादंबरी आली डिसेंबर 1847 मध्ये, एलिस बेल या टोपणनावाने, आणि गोष्ट घडते इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशरच्या उजाड, वाऱ्याने झोडपलेल्या माळावर. आणखी एक गंमत, व्हिक्टोरिया राणी गादीवर आली 1837 ला, पण पुस्तकाचा अगदी पहिला शब्द म्हणजे 1801 हे साल. म्हणजे व्हिक्टोरियन कादंबरी म्हणतो खरं, पण आतला काळ त्याच्या आधीचा, तेव्हा रेल्वे, तार वगैरे डोक्यातून काढून टाका, घोडा आणि पायपीट एवढंच.

आता वहीचं. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. सांगणारा आहे लॉकवुड, शहरी वळणाचा माणूस, थ्रशक्रॉस ग्रेंज नावाचं घर भाड्याने घेऊन नुकताच आलाय आणि घरमालकाला भेटायला निघालाय, मालक म्हणजे हीथक्लिफ, तो राहतो वुदरिंग हाइट्स नावाच्या दुसऱ्या घरात. लॉकवुडला जे डोळ्यांनी दिसतं ते डावीकडे, त्यावरून तो जो अंदाज बांधतो तो उजवीकडे. बस एवढंच. फारच शाळकरी वाटतंय ना, पण दोन पानांत कळतं की डावी बाजू खणखणीत आहे आणि उजवी बाजू धडाधड कोसळतेय.

पहिल्याच भेटीचं घ्या. हीथक्लिफ फाटकाला टेकून उभा, काळे डोळे भुवयांखाली संशयाने आत ओढलेले, लॉकवुडने नाव सांगितल्यावर हात पुढे करायचं सोडून बोटं जाकिटात आणखी आत जातात, आणि 'आत या' म्हणतो तेही दात आवळून. हे सगळं डावीकडे. आणि लॉकवुड काय म्हणतो, तर वा काय झकास माणूस, अगदी माझ्यासारखाच एकलकोंडा! उजवीकडे लिहा आणि शेजारी एक मोठं प्रश्नचिन्ह काढा. थोडं पुढे गेल्यावर तो स्वतःच जीभ चावतो की मी जरा जास्तच वाहवत चाललोय, माझेच गुण त्याला चिकटवतोय. ही ओळ सापडली की तिच्याखाली दोन रेघा मारा, पुढची सगळी पात्रं कशी वाचायची ते लेखिकेने इथेच सांगून टाकलंय.

त्या जोसेफचंही तसंच. म्हातारा नोकर घोडा घ्यायला येतो, आंबट चेहरा करून देवाचं नाव घेत पुटपुटतो, आणि लॉकवुडला वाटतं की बिचाऱ्याला जेवण पचत नसेल म्हणून देवाचा धावा करतोय. मला इथे खूप हसू आलं होतं. जोसेफची बोली मात्र डोक्याला ताप आहे, अस्सल यॉर्कशरी, स्पेलिंगसुद्धा उच्चाराप्रमाणे. डोळ्यांनी वाचून कळत नाही तेव्हा मोठ्याने वाचा, अर्धं कळतं, उरलेलं सोडून द्या, तो बहुतेक वेळा कुणाला तरी शिव्याशापच देत असतो. 1850 मध्ये एमिलीच्या बहिणीने, शार्लटने, पुस्तक पुन्हा छापलं तेव्हा तिने जोसेफची भाषा वाचकांसाठी जरा सोपी केली होती, त्यामुळे तुमच्या आणि मैत्रिणीच्या पुस्तकात त्याची वाक्यं वेगळी दिसली तर दचकू नका.

आता परिसर, आणि इथे घाई करू नका कारण खरा माल इथे आहे. माझं म्हणणं असं की लॉकवुड माणसं वाचण्यात ढ आहे पण दगड आणि झाडं वाचण्यात एकदम हुशार. घराच्या नावातला वुदरिंग हा तिकडचा स्थानिक शब्द, वादळात उंचावरच्या जागी जो वाऱ्याचा धिंगाणा चालतो त्याला म्हणतात, हे तोच सांगतो. घराच्या टोकाला असलेली खुरटी फरची झाडं पार कलंडलेली, काटेरी झुडपांची ओळ आपल्या फांद्या एकाच बाजूला पसरून उभी, जणू सूर्यापुढे भिकेसाठी हात पसरलेत, त्यावरून तो ओळखतो की उत्तरेचा वारा इथे किती जोरात येत असेल. खिडक्या अरुंद, भिंतीत खोल बसवलेल्या, कोपऱ्यांना मोठाले पुढे आलेले दगड. इथे 'दिसलं' आणि 'वाटलं' दोन्ही जुळतात! वहीत इथे बरोबरची खूण करा. माझ्या वहीत लॉकवुडच्या नावावर बरोबरच्या खुणा जेवढ्या आहेत त्यातल्या बहुतेक सगळ्या वस्तूंच्या आहेत, माणसांच्या जवळपास नाहीतच.

घरात शिरल्यावर मधे ओसरी नाही, पॅसेज नाही, एक पाऊल टाकलं की थेट बसायच्या खोलीत. मोठं ओकचं कपाट, त्यावर कथलाची ताटं आणि चांदीचे जग रांगेने, छताला आतून आच्छादन नाही त्यामुळे वासे उघडे, तिथे एका चौकटीवर ओटच्या भाकऱ्या ठेवलेल्या आणि मांसाच्या तंगड्या टांगलेल्या, चुलाण्यावर जुन्या बंदुका, आणि कपाटाखाली पिल्लांच्या गराड्यात पडलेली भलीमोठी कुत्री. पण त्या मोठ्या चुलीवर काही भाजतंय, शिजतंय अशी खूण नाही. हे मी पहिल्यांदा वाचताना सरळ ओलांडून गेले होते. हात शेकायला आग आहे, टांगलेलं मांस आहे, चांदी आहे, बंदुका आहेत, पण पाहुणा आल्यावर घरातून जी ऊब जाणवते तिचा पत्ता नाही. परिसराचं वर्णन लिहायला सांगितलं की सगळे खिडक्या, झाडं, वारा लिहितात, तुम्ही काय असायला हवं होतं आणि नाहीये ते एक-दोन वाक्यांत लिहा, उत्तर लगेच वेगळं दिसतं.

आता या सगळ्यात मला सर्वात आवडलेली गोष्ट. दाराच्या वर कोरीवकाम आहे आणि त्यात 1500 हे साल आणि हेअरटन अर्नशॉ हे नाव. लॉकवुड ते वाचतो, मालकाला घराचा इतिहास विचारावासा वाटतो, पण मालकाचा नूर बघून गप्प आत जातो. डावीकडे नोंद करा, उजवीकडे जागा रिकामी सोडा. मग दुसऱ्या प्रकरणात घरात एक तरुण दिसतो, कपडे गबाळे, बोलणं रांगडं, केस विस्कटलेले, हात मजुरासारखे रापलेले, पण वागण्यात मात्र नोकराची लाचारी अजिबात नाही, उलट मग्रुरी. लॉकवुडला ठरवताच येत नाही की हा नोकर आहे की घरातला. आणि थोड्या वेळाने तो तरुण गुरकावत आपलं नाव सांगतो, हेअरटन अर्नशॉ, आणि वर दम देतो की या नावाचा मान ठेवा. तीनशे वर्षांपूर्वी दारावर कोरलेलं नाव, आणि त्याच नावाचा पोरगा त्याच घरात मजुरासारखा, आणि मालक कोण तर भलत्याच नावाचा हीथक्लिफ. बाप रे! लॉकवुडला त्या नावाच्या रुबाबाचं फक्त हसू येतं, दारावरच्या अक्षरांशी तो काही धागा जोडत नाही, तो तुम्ही जोडायचा. रिकाम्या जागेत लिहा, 'घर कुणाचं?' आणि पुढे जा, कारण अख्खी कादंबरी त्या दोन शब्दांभोवती फिरते असं माझं मत.

दुसऱ्या प्रकरणातल्या बाकी चुका पटापट नोंदवा. घरात एक तरुण बाई बसलीय, सतराचीही वाटत नाही. अंधारात गादीवर मांजरांसारखं काहीतरी दिसतं आणि लॉकवुड गोड बोलायला जातो की ही तुमची लाडकी वाटतं, तर तो निघतो मेलेल्या सशांचा ढीग! मग तो तिला हीथक्लिफची बायको समजतो, हीथक्लिफ चाळिशीचा, तो सांगतो सून आहे. मग लगेच हेअरटनला तिचा नवरा समजतो, तेही चूक, तिचा नवरा वारलाय. एकापाठोपाठ एक विकेट. तुम्हीही वाचताना जर हेच अंदाज केले असतील तर ते खोडू नका, तसेच राहू द्या, तारीख घाला. मी शहाणपणा करून खोडले होते आणि नंतर कळेना की मला कधी काय वाटलं होतं. पेननेच लिहा म्हणजे खोडायचा मोह नको.

तिसऱ्या प्रकरणात बर्फामुळे त्याला तिथेच रात्र काढावी लागते आणि कपाटासारख्या बंद पलंगाशेजारच्या फळीवर खरवडलेली नावं दिसतात, कॅथरीन हे एकच नाव, पण आडनावं तीन, अर्नशॉ, हीथक्लिफ, लिंटन. ही तिन्ही ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने वहीत उतरवून घ्या, अर्थ लावत बसू नका. त्या रात्रीच्या स्वप्नाबद्दल मी काही सांगणार नाही, फक्त झोपायच्या आधी वाचू नका एवढंच.

चौथ्या प्रकरणात ग्रेंजवरची घर सांभाळणारी नेली डीन गोष्ट हातात घेते आणि सूर बदलतो. इथे नवीन पान. नेली सगळ्यांना लहानपणापासून ओळखते म्हणून तिच्यावर डोळे मिटून विश्वास बसतो, पण तिचीही उजवी बाजू आहे, तिचे लाडके आहेत, नावडते आहेत, आणि स्वतःच्या चुका ती अलगद पदराखाली घेते. तेव्हा दोन रकाने चालूच ठेवा, फक्त तिच्या बाबतीत मला उजवीकडे फार कमी लिहावं लागलं कारण ती आपलं मत इतक्या सहज सांगते की ते 'दिसलं' मध्येच घुसतं. एका पानावर अर्ध्या ओळी मला नंतर बाण काढून उजवीकडे न्याव्या लागल्या.

ही पद्धत दुसऱ्या व्हिक्टोरियन पुस्तकांनाही चालते. डिकन्सची ग्रेट एक्स्पेक्टेशन्स 1 डिसेंबर 1860 पासून साप्ताहिकात येत होती, तिची सुरुवात बघा, पोरगा आईबापांना कधी पाहिलेलं नसताना थडग्यावरच्या अक्षरांच्या वळणावरून ठरवतो की बाप चौकोनी बांध्याचा, काळासावळा, कुरळ्या केसांचा असणार. दिसलं अक्षर, वाटला बाप. यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

शेवटचं काम, वहीत फाटकासाठी अर्धं पान राखून ठेवा. पहिल्या प्रकरणात हीथक्लिफ फाटकाची साखळी काढतो तीसुद्धा लॉकवुडच्या घोड्याची छाती फाटकाला भिडल्यावर. दुसऱ्यात साखळी निघतच नाही म्हणून लॉकवुड उडी मारून आत जातो आणि दार ठोठावून बोटांची सालं निघायची वेळ येते. एकूण प्रकरणं 34, आणि बत्तिसाव्यात तो परत त्याच फाटकाशी येतो. तिथे पोचलात की पुढे वाचायच्या आधी थांबा, हे अर्धं पान उघडा, आणि मग तिसरी नोंद करा.