कोलेस्टेरॉल ९० आलं म्हणून पेशंटला शाबासकी देऊ नका

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून मिरजेत लॅबला लागणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितेय. मिरज दवाखान्यांचं गाव. जत, कवठेमहांकाळपासून पार अथणी-कागवाडपर्यंतचे पेशंट इथे येतात, त्यामुळे पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं प्रकरण इथे रोजच्या रॅकमध्ये भेटतं. लिपिड प्रोफाइलचंच, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचंच घ्या. आपण ते हार्टशी जोडून शिकतो: कोलेस्टेरॉल २०० च्या आत, ट्रायग्लिसराइड १५० च्या आत, झालं. पण ही चरबी बनवणारं, रक्तात सोडणारं आणि परत ओढून घेणारं मुख्य ठिकाण लिव्हर आहे. ते बिघडलं की हे आकडेही हलतात, आणि प्रत्येक आजारात वेगळ्या दिशेने.

सगळ्यात जास्त दिसेल ते फॅटी लिव्हर. ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) खाली, एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) जरासं वाढलेलं. लिव्हर व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे कण) जास्त सोडतं, म्हणून असं होतं. दारू पिणाऱ्याचं ट्रायग्लिसराइड चढतं, पण एचडीएल छान दिसू शकतं. त्यावर भाळू नका, शेजारचं जीजीटी (दारूने वाढणारं लिव्हरचं एन्झाइम) बघा.

ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढली की मशीनला लावण्याआधी उजेडात धरायची सवय लावून घ्या. सिरम दुधाळ दिसलं तर उरलेलं रात्रभर फ्रिजमध्ये उभं ठेवा. सकाळी वर सायीसारखा थर आणि खाली स्वच्छ सिरम, तर ते कायलोमायक्रॉन, म्हणजे जेवणातली चरबी वाहून नेणारे कण. पेशंट बहुधा खाऊन आलाय. ('फक्त चहा घेतला' यावर कधीच जाऊ नका.) सगळं एकसारखं गढूळ राहिलं तर व्हीएलडीएल. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) काढायला एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा हा फ्रीडवाल्डचा १९७२ चा हिशेब ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेलं की चालत नाही. तिथे डायरेक्ट एलडीएल लावा.

कावीळ आली की गोष्ट उलटीपालटी होते. खड्याने किंवा गाठीने पित्ताची वाट अडली, की कोलेस्टेरॉल पित्तावाटे बाहेर पडत नाही. ते रक्तात साठतं आणि लायपोप्रोटीन-एक्स नावाचा वेगळाच कण तयार होतो. फ्रीडवाल्डचा फॉर्म्युला त्यालाही एलडीएल समजतो. आकडा भयंकर दिसतो, पण वाट मोकळी झाली की उतरतो. त्यात आणखी एक मेख आहे. बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) खूप वाढलेलं असेल तर ते आपल्या रंगाच्या रिअ‍ॅक्शनमध्ये ढवळाढवळ करतं आणि कोलेस्टेरॉल खोटं कमी येऊ शकतं. सिरम गडद पिवळं असेल तर रिपोर्टवर 'इक्टेरिक' (काविळीचं सिरम) लिहायला लाजू नका.

आणि सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं. पोटात पाणी, हातापायाच्या काड्या, आणि कोलेस्टेरॉल ९०. काउंटरवर मुलगा खुशीत विचारतो, "मॅडम, बाबांचं कोलेस्टेरॉल तर एकदम मस्त आलंय ना?" 'हो' म्हणू नका. "डॉक्टरांना दाखवा दादा," एवढंच सांगा. कोलेस्टेरॉल आणि ते वाहून नेणारी प्रोटीन्स बनवायची लिव्हरची ताकदच संपत आलेली असते, एचडीएलही पडतं. अल्ब्युमिन (हेही लिव्हरच बनवतं ते प्रोटीन) बघा, तेही खालीच असेल. जुना रिपोर्ट सिस्टिममध्ये असला तर काढा. आधी १८० होतं, आता ९० आहे आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू नाही, असं असेल तर रिपोर्ट सोडण्याआधी पॅथॉलॉजिस्टना फोन लावा.